खळं

दापोलीच्या सरकारी दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीमागे,
जिथे भिंतीला बारमाही ओल
आणि कॅलेंडरवर कायम एप्रिल,
तिथे मी बसते.

काचेच्या ताटलीत अगार ओतायचं,
खरवसासारखं थिजू द्यायचं,
मग त्यावर जंतू सारवायचे,
आडवे, उभे, कडेने एक हात फिरवून,
आणि वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या.
अठरा तास.
सकाळी टिकलीभोवती खळं पडलं असेल
तर औषध चालतं.
चंद्राला पडतं तसं. किंवा घरापुढे असतं तसं:
रिकामं, लख्ख,
परक्याने आत यायच्या आधी खाकरावं असं.
मी पट्टी लावते. मिलिमीटर लिहिते.

सोमवारी परकार डॉक्टर आले, गुरांचे.
डब्यात दाभोळच्या बंदरावरचा बर्फ, माशांचा वास मारणारा,
बर्फात बाटली, बाटलीत दूध.
दूध कसलं, पिवळ्या गाठी आणि रक्ताची एक दोरी.
"पंचनदीची म्हैस. कास दगड झाल्ये. बघता?"
नियमात बसत नाही.
मी पावती फाडली नाही, बाटली घेतली.

वॉर्डातून त्याच दिवशी एक बोळा आला होता:
दर्शना शिगवण, तेवीस, सिझर, टाके उसवलेले.
म्हशीच्या बाटलीवरही शिगवणच लिहिलं होतं.
ते मी नंतर वाचलं. आधी ताटल्या वाचल्या.

दोन्हीत सोनेरी ठिपके,
टिकलीला खेटून, टिकलीच्या अंगावर चढलेले,
जणू ते औषध नव्हतंच, खडीसाखर होती.
सहा टिकल्या. पाचांना खळंच नाही.
सहावीला, महागडीला, सत्तावीस मिलिमीटर.
इकडे सत्तावीस. तिकडे सत्तावीस.

परकार शिगवणांकडे गेले, ओटीवर बसले, चहा घेतला, मग विचारलं.
सासूबाईंनी फळीवरून बिस्किटांचा डबा काढला.
मंगेशच्या दाढेच्या उरलेल्या तीन गोळ्या,
कोंबड्यांच्या पाण्यात घालायची पूड,
एक इंजेक्शन, अर्धं, बूच कापसाचं.
"बरं वाटलं की थांबवतो. फुकट कशाला घालवा?
उरलेलं म्हशीला, आणि म्हशीचं उरलं की..."
वाक्य तिथेच राहिलं. त्या हाताकडे बघत बसल्या.
त्याच हातांनी पहाटेची धार.
त्याच हातांनी सुनेची पट्टी बदललेली,
मायेनं, दिवसातून दोनदा.

कोणाकडून कोणाकडे, मला सांगता येत नाही.
ताटली गाव विचारत नाही, जात विचारत नाही,
शेपूट आहे की नाही तेही नाही.

वॉर्डात नळाला सकाळचे दोनच तास पाणी.
पेवेकर सिस्टरनी दारात कळशी ठेवली, शेजारी साबणाची वडी,
आणि मोठ्या डॉक्टरांना अडवलं:
"कोपरापर्यंत, सर."
सर हसले.
सिस्टर हसल्या नाहीत. सरांनी बाह्या वर केल्या.

औषध रत्नागिरीहून एसटीने आलं, कंडक्टरच्या पिशवीत.
चौथ्या दिवशी दर्शना उठून बसली, बाळाला घेतलं.
पाचव्याला म्हणाली, आता पुरे ना?
सिस्टरनी नुसती बोटं मोजून दाखवली: अजून नऊ.

मोरीला मात्र ते औषध परकारांनी दिलं नाही.
"हे एक तरी माणसांसाठी राहू दे, काकी."
शेक, गरम पाणी, तासातासाला पिळून काढणं,
आणि एक सड कायमचा आटला.
काकी महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.
दूध मात्र रोज खड्ड्यात ओतत राहिल्या,
मांजरालाही न देता.
शेजारीण म्हणाली, येडी झाली.

ताटल्या मी वाफेच्या भांड्यात टाकल्या, झाकण आवळलं.
मग कशाला कोण जाणे, वही मागे उलटली.
गेल्या शिमग्यातली नोंद, माझंच अक्षर,
तीच सहावी टिकली:
एकतीस.

मी पट्टी पुसली.
झाकण घट्ट होतं, नाहीतर पुन्हा लावून बघितली असती.